एका रबरी वाटीपायी

बडोद्याच्या मराठी घरांत जुनी वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. दांडिया बाजारातल्या किंवा बाबाजीपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात डोकावून पाहावे, तर माळ्यावर तांब्याचा बंब असतो, पितळी कड्यांचा पाळणा असतो, आजोबांची काठी असते. या वस्तूंचे एक बरे आहे. त्या पन्नास वर्षे नुसत्या पडून राहिल्या तरी चिंचेने घासताच पुन्हा उजळतात. मोटार ही वस्तू मात्र या नियमास अपवाद होय. ती चालविली तर झिजते आणि नुसती उभी ठेवली तर त्याहून लवकर बिघडते. आणि तो बिघाड पुष्कळदा अशा ठिकाणी होतो की जेथे मालकाची दृष्टी आयुष्यात कधी गेलेली नसते. अशाच एका बिघाडाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी जुनी मोटार आहे त्यांना ती उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे नाही, त्यांनाही आपल्या पायाखाली काय चालते हे कळावयास हरकत नाही.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने शहराची जी दैना केली, ती कोणी विसरले नसेल. २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर चढली आणि अकोटा, सयाजीगंज, समा, फतेहगंज या भागांत पाणी शिरले. तळमजल्यावर उभ्या केलेल्या मोटारी बुडाल्या. नव्या मोटारींचे मालक विमा कंपन्यांच्या दारी गेले. अकोट्यास राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या आवारात मात्र जी मोटार बुडाली, तिची किंमत कोणत्याही कोष्टकात सापडण्याजोगी नव्हती. हे गृहस्थ पॉलिटेक्निकातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी उलटलेले. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. सारी आळी त्यांना काका म्हणते. आम्हीही येथे तसेच म्हणू.

काकांची मोटार म्हणजे १९५६ सालची एम. जी. ए. दोन आसनांची, उघड्या टपाची, जमिनीशी लगटून धावणारी ही इंग्रजी स्पोर्ट्स मोटार सप्टेंबर १९५५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि १९६२ पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात एक लाखाहून थोड्या अधिक संख्येने तयार झाली. त्यांतल्या बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेस, गेल्या. आपल्या देशाच्या वाट्याला अगदी थोड्या आल्या. एम. जी. ही अक्षरे मॉरिस गॅरेजेस या नावाची. ऑक्सफर्डच्या एका गॅरेजाच्या नावाने जन्मलेले ते अष्टकोनी चिन्ह आज बडोदेकरांस चांगलेच परिचयाचे आहे. २०१७ साली हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना चिनी मालकीच्या कंपनीने घेतला आणि २०१९ पासून तेथून त्याच चिन्हाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. २०२५ साली याच नावाची, विजेवर चालणारी एक दोन आसनी स्पोर्ट्स मोटारही भारतात विक्रीस आली. तिला क्लचच नाही! म्हणजे आम्ही जे सांगणार आहोत, ते पुढील पिढीला बहुधा बैलगाडीच्या वंगणाइतकेच दूरचे वाटेल.

काकांच्या मोटारीचा दुसरा ऋणानुबंध अधिक जवळचा आहे. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले आणि तेवढ्याच मापाचे इंजिन आपल्या अँबॅसडरला वर्षानुवर्षे होते. ज्या गाडीतून आमच्या पिढीने वधूवरांना घरी आणले, तिचे हृदय आणि या छबकड्या विलायती मोटारीचे हृदय एकाच जातीचे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण तिच्यावर हात बसलेले कारागीर अद्याप आहेत. काकांच्या वडिलांनी ही मोटार साठीच्या दशकात मुंबईस जुनी म्हणून घेतली, ती याच भरवशावर.

पुरानंतर पुण्याच्या चिरंजीवांनी मोटार विकून टाका असे कळविले. एक व्यापारी येऊन पाहूनही गेला. अखंड मोटार त्याला नको होती. दिवे, जाळी, चाके, इंजिन असे सुटे भाग काढून न्यावयाचे, अशी त्याची बोली होती. काकू आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, "अहो, मामंजींची गाडी आहे ती. तिचे असे तुकडे करून द्यायचे का?" व्यापारी चहा घेऊन गेला आणि काका दुरुस्तीच्या मागे लागले.

इंजिन त्यांनी स्वतःच उघडले, धुतले, तेल बदलले. ते सुरूही झाले. अडले ते क्लचवर. पेडल दाबले की पाय थेट जमिनीस टेके आणि गिअर टाकू जाता दाते कराकरा वाजत. शहरातील एका गॅरेजात मोटार नेली, तेव्हा तेथील इसमाने झाकण उघडून टाकी रिकामी आहे असे पाहिले आणि इंजिनाचे तेल ओतून ती भरून दिली! चार दिवस काम भागले. पाचव्या दिवशी सिग्नलपाशी पेडल दाबलेले असताना मोटार आपण होऊन पुढे सरकू लागली. समोरून शाळेची मुले रस्ता ओलांडीत होती. काकांनी ब्रेक दाबून इंजिन बंद पाडले, म्हणून निभावले. मुलांना घेऊनच आमचे आयुष्य गेले. हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. इंजिन फिरत असताना त्याचे चाकांशी असलेले नाते क्षणभर तोडावयाचे, गिअर बदलावयाचा आणि ते नाते हळुवारपणे पुन्हा जोडावयाचे, हे क्लचचे काम. जुन्या मोटारींत पेडलपासून क्लचपर्यंत लोखंडी दांडा किंवा तार असे. पुढे दांड्याच्या जागी द्रव आला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. त्या फ्रेंच विद्वानाचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. मोटारीच्या चारही चाकांच्या ब्रेकांस तो नियम लागू व्हावयास १९२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या ड्युझेनबर्ग मोटारीत तशी योजना प्रथम विक्रीस आली. क्लचचा क्रम त्यानंतरचा.

पेडलाच्या पुढे एक नळकांडे असते. त्यात दट्ट्या आणि दट्ट्याच्या तोंडाशी रबराची एक वाटी. पेडल दाबले की वाटी द्रवाला पुढे लोटते. द्रव बारीक नळीतून गिअरपेटीपाशी बसविलेल्या दुसऱ्या नळकांड्यात जातो. तेथील वाटी व दट्ट्या एका कांडीला ढकलतात, आणि कांडी क्लचचा काटा हलविते. इंग्रजीत या जोडीला मालक आणि गुलाम अशा अर्थाची नावे आहेत. आपले मिस्त्री ती मुळीच वापरीत नाहीत. वरचा तो 'अप्पर', खालचा तो 'लोअर'. आम्हाला ही नावे अधिक सुसंस्कृत वाटतात. निदान त्यांत कोणी कोणाचा गुलाम नाही.

या साऱ्या रचनेचा प्राण म्हणजे ती रबरी वाटी. तिच्या कडेला पातळ ओठ असतो. द्रवाचा दाब वाढला की ओठ नळकांड्याच्या भिंतीस घट्ट चिकटतो आणि द्रव मागे येऊ देत नाही. ओठ झिजला, फाटला किंवा भिंतीला गंजाचे खड्डे पडले, की द्रव वाटीच्या बाजूने निसटतो आणि पेडल रिकामे खाली जाते. काकांच्या मोटारीत झाले ते हेच. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. पुराचे पाणी त्यातून आत उतरले आणि बिडाच्या नळकांड्यास आतून गंज चढला.

आता त्या तेलाविषयी. आपले लोक त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आणि या नावानेच घात केला आहे. सुरुवातीच्या काळात या द्रवात एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण असे. उत्तर गुजरातेत एरंडीचे पीक अमाप येते हे वाचक जाणतातच. तोच हा परिचयाचा एरंडेल. नैसर्गिक रबराला तो सोसतो, म्हणून तो निवडला गेला. आजचा द्रव रासायनिक, ग्लायकॉलच्या कुळातला. त्यालाही रबर सोसते. इंजिनाचे तेल मात्र खनिज. ते या वाट्यांस लागले की रबर भिजविलेल्या वाटाण्यासारखे फुगते आणि पिळपिळीत होते. काकांच्या क्लचची वाटी चार दिवस फुगून घट्ट बसली, म्हणून काम भागल्याचा भास झाला. पाचव्या दिवशी तिचा ओठच दुमडला.

परंतु खरा धोका याहून मोठा होता. एम. जी. ए. मध्ये क्लच आणि ब्रेक यांची वरची नळकांडी एकाच ओतीव ठोकळ्यात शेजारी शेजारी आहेत आणि दोहोंना मिळून टाकीही एकच आहे. क्लचसाठी म्हणून ओतलेले तेल ब्रेकच्या नळकांड्यातही उतरलेले होते.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती आमच्या शहरातल्या एका वृद्ध उस्तादांनी. अँबॅसडरच्या दुरुस्तीत त्यांचे आयुष्य गेले. शाळेचा व त्यांचा संबंध चौथीपर्यंतचा. मोटार पाहावयास आले, तेव्हा त्यांनी क्लचकडे पाहिलेच नाही. मोटार शंभर पावले ढकलीत नेली, परत आणली, आणि चारही चाकांच्या मध्यावर तळहात ठेवून पाहिला. पुढची दोन चाके कोमट लागली. उस्ताद काकांना म्हणाले, "साहेब, क्लच नंतर. आधी ब्रेक मरतो आहे." वरच्या नळकांड्यात सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते, पाय काढल्यावर द्रव त्यातून टाकीत परत जातो. फुगलेल्या वाटीने ते छिद्र झाकले होते. द्रव परत येईना, म्हणून ब्रेक किंचित धरून राहिलेले. तशीच मोटार हमरस्त्यावर नेली असती, तर ब्रेक तापत तापत शेवटी जाम झाले असते.

तेव्हा काम एका क्लचपुरते उरले नाही. वरचा जोड ठोकळा, क्लचचा लोअर, चार चाकांची मिळून सहा नळकांडी आणि चार लवचिक रबरी नळ्या, एवढे सगळे उघडणे आले. या नळ्यांविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून फुगून बंद होऊ शकते. द्रव जोराने जातो, पण परत येत नाही. आणि माणूस बिचारा नळकांडी बदलीत बसतो. उस्तादांनी चारही नळ्या कापूनच टाकल्या. कोणी पुन्हा बसवू नयेत, हा हेतू.

रबरी सामान विलायतेहून टपालाने आले, काही वॉशर मुंबईस ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळाले. ठोकळ्याचे काय करावयाचे, यावर मात्र चांगलाच वाद झाला. एका सद्गृहस्थांनी सुचविले की आजच्या एखाद्या जीपचा अप्पर घालून मोकळे व्हावे. सोय तीच होती. पण नळकांड्याचा व्यास बदलला की पेडलाची चाल आणि जोर दोन्ही बदलतात. शिवाय पेडलाच्या पेटीस नवी भोके पाडावी लागतात. काका म्हणाले, "बाबांनी जे जपले त्याला मी भोके पाडणार नाही." आमचेही मत त्यांच्याच बाजूचे. तोडजोड करून चालती केलेली वस्तू चालते हे खरे, पण पुढच्या कारागिराला ती कोडे होऊन बसते.

मग ठोकळा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे गेला. गंजलेली दोन्ही भोके कातून मोठी केली, त्यांत स्टेनलेस पोलादाच्या नळ्या दाबून बसविल्या आणि आतून मूळ मापास घासून आणल्या. हे काम पाहताना आम्हाला कलाभवनाची आठवण होणे साहजिक होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ती संस्था काढली आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिली, तेव्हा हाताला विद्येची जोड मिळावी हाच हेतू होता. दादासाहेब फाळके तेथे शिकले हे सर्वज्ञात आहे. पण जे शिकून नुसते चांगले कातारी आणि जोडारी झाले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मकरपुऱ्याचा तो तरुण त्यांच्याच परंपरेतला. नवी नळी बसविल्यावर ते सुईच्या टोकाएवढे छिद्र पुन्हा पाडावे लागते. पाडताना आतल्या बाजूस धातूचा जो कंगोरा उठतो, तो राहिला तर नवी कोरी वाटी पहिल्या दहा दाबांतच चिरली जाते. त्या तरुणाने कंगोरा काढला, बोट फिरविले, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा त्याने करंगळीला कापूस गुंडाळून आत फिरविला आणि एकही तंतू अडकला नाही, तेव्हा ठोकळा आमच्या हाती दिला.

जुळणी उस्तादांच्या अंगणात झाली. नळकांडी धुण्यास रॉकेल किंवा पेट्रोल वर्ज्य. स्पिरिट किंवा तोच नवा द्रव चालतो. वाट्या त्या द्रवात बुडवून, ओठ द्रवाच्या बाजूस ठेवून, बोटांनीच आत सारावयाच्या. तेथे पेचकस लागला की ओठ फाटलाच. या ठोकळ्यात आणखी एक मेख आहे. ब्रेकच्या नळकांड्याच्या तळाशी एक लहानशी झडप असते. ती नळ्यांत थोडा दाब कायम राखते. क्लचच्या नळकांड्यात ती असता कामा नये, नाहीतर क्लचवर सदैव दाब राहतो. दोन्ही भोके दिसावयास सारखी, म्हणून पुष्कळजण येथे चुकतात. उस्तादांनी झडप आधी ब्रेकच्या भोकात बसविली आणि मगच बाकीच्या सामानाला हात लावला.

पेडल आणि कांडी यांना जोडणाऱ्या खिळ्यांकडेही त्यांनी आमचे लक्ष वेधले. सत्तर वर्षांत ते निम्मे झिजले होते आणि त्यांची भोके लंबगोल झाली होती. पेडलाच्या चालीतला केवढा तरी भाग त्या ढिलाईतच वाया जात होता. हे खिळे मातीमोल किमतीचे. पण ते न बदलता वरचे सारे बदलले असते, तरी गिअर वाजतच राहिला असता.

शेवटचे काम हवा काढण्याचे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पायाचा जोर तो गिळून टाकतो. काका पेडलावर बसले, उस्ताद मोटारीखाली शिरले. मोटारीची पुराने कुजलेली लाकडी तळफळी आधीच काढून टाकली होती, त्यामुळे काकांच्या पायांखाली थेट उस्तादांचा चेहरा दिसत होता. खालच्या नळकांड्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडविले. "दाबा." पेडल खाली. निपल उघडला, बुडबुडे निघाले, निपल बंद. "सोडा." पेडल वर. मधूनमधून टाकी भरीत राहण्याचे काम आमच्याकडे होते. टाकी एकदा जरी रिकामी होऊ दिली तरी पुन्हा पहिल्यापासून, हे आम्हाला तीनदा बजावण्यात आले. आमच्या वर्गातली मुले आमच्याकडून जेवढे ऐकून घेतात, तेवढे आम्ही त्या दिवशी निमूटपणे ऐकून घेतले. चाळिसाव्या दाबाच्या सुमारास बाटलीत एकही बुडबुडा येईना. "हवा नीकळी गई," खालून आवाज आला. पट्टी लावून पाहिले, तर कांडी सुमारे अर्धा इंच सरकत होती. तेवढी सरकली म्हणजे क्लच पुरता सुटतो. काकांनी इंजिन सुरू केले आणि पहिला गिअर टाकला. आवाज आला नाही.

नव्या तळफळ्या सुताराकडून करवून घेतल्या, ब्रेकची परीक्षा मैदानावर घेतली आणि मगच मोटार रस्त्यावर आली. उस्तादांनी काकांना दोन पथ्ये घालून दिली. सिग्नलला उभे असता पेडल दाबून धरावयाचे नाही, गिअर काढून ठेवावयाचा. कारण या मोटारीच्या क्लचवर दाब देणारी चकती कार्बनची आहे आणि ती घासून संपते, आणि ती बदलावयाची म्हणजे इंजिन बाहेर काढणे आले. दुसरे पथ्य द्रवाचे. तो हवेतले पाणी शोषून घेतो. 'डॉट ४' जातीचा ताजा द्रव किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. आपल्याकडचा पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी, दिवाळीनंतर कोरड्या हवेत, तो बदलावा. काकांनी टाकीवर तारखेची चिठ्ठी डकविली आहे.

आता एक प्रश्न उरला आहे, आणि तो यंत्राचा नव्हे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे पाच हजारांत नूतनीकरण. अट अशी की सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मूलभूत फेरफार झालेला नसावा. जीपचा अप्पर घालण्यासाठी पेटीला भोके पाडली नाहीत, हे या दृष्टीनेही बरेच झाले. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे जे मोठे प्रदर्शन भरले होते, तशा ठिकाणी अशा नोंदणीची मोटार नेता येते. पण रोजच्या वापरास तिला मनाई आहे. प्रदर्शन, फेरी, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. साध्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करून घ्यावे, तर तपासणीची दगदग. पण मग वाटेल तेथे जाता येते. चिरंजीव म्हणतात, मानाची नोंदणी घ्या. काकूंना रविवारी सकाळी सयाजीबागेत जावयाचे असते, आणि ते मामंजींच्याच गाडीतून. अर्ज अद्याप काकांच्या टेबलावर आहे. भरलेला, पण सही न केलेला.